चूलबंद आवतन

शब्दांची टंचाई मला कधीच पडली नाही, आणि हीच माझी खोड. आमच्या सिडकोतल्या कॉलनीत कुणी निवृत्त झालं की मानपत्र मी लिहायचं, गणपतीच्या वर्गणीचं आवाहन मी लिहायचं, कुणाच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका माझ्याच हातून जायची. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या पाण्याची वेळसुद्धा मी एकदा फळ्यावर अशी लिहिली, की लोक वाचत उभे राहिले आणि पाणी येऊन गेलं. निदान माझी सून असं सांगते. तिच्या सांगण्यात तिखटमीठ असतं, पण खोटं नसतं.

ही सून डोळ्यांची डॉक्टर. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "आई, पिशोरला मोतीबिंदूची तपासणी ठेवतेय. गरज असेल त्यांना इथं शहरात आणून ऑपरेशन करू. खर्च काही नाही. तुम्ही एक पत्रक लिहून द्याल?"

पिशोर म्हणजे माझं सासर. कन्नडहून जीपनं जावं लागतं. तिथं माझी धाकटी जाऊ आणि दीर राहतात, आणि सुनेचा खरा जीव अडकला होता तो या जावेत. दिवाळीत तिनं मोबाइलचा उजेड पाडून जावेचे डोळे पाहिले होते. उजव्यात मोतीबिंदू पार पिकलेला, डाव्यात पिकायला लागलेला.

"काकू, आता उशीर केला तर उजव्याचं काही खरं नाही," सून म्हणाली.

"माझे डोळे तुझ्यापेक्षा चांगले हायेत," जाऊ म्हणाली. "चष्मा तूच घालतीस, मी नाय."

तर तिला कसंही करून तपासणीला आणायचं होतं. तिच्यासारख्या गावात आणखी कितीतरी. मी कंबर कसली. माझ्या पत्रकाची सुरुवात होती, 'नेत्र म्हणजे देहमंदिरातील नंदादीप!' पुढे अंधाराची कूस होती, प्रकाशाचा उंबरठा होता, सृष्टीचं सप्तरंगी लेणं होतं. तपासणीची तारीख आणि जागा शेवटच्या ओळीत होती. तीही मी जरा नाइलाजानंच घातली, कारण तिथं लय बिघडत होती.

औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात घेऊन गेले तर तिथला माणूस डोकं खाजवत म्हणाला, "अम्मा, मॅटर बहोत लंबा है. एक पान में बिठाना है तो अक्षर बारीक करने पडेंगे."

"करा बारीक," मी म्हणाले, "पण शब्द एकही कापायचा नाही."

छापून आलेलं पत्रक सुनेच्या हातात दिलं. तिनं ते जवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ धरलं. मग अगदी मवाळ आवाजात म्हणाली, "आई, फार सुंदर आहे. एकच अडचण आहे. हे ज्याला वाचता येईल, त्याला माझी गरज नाही."

मला राग आला. खरं बोललेल्या माणसाचा येतो तसा. वाचता येत नाही तर ऐकतील, असं म्हणून मी तेच सगळं मोबाइलवर आवाजात भरलं आणि पिशोरच्या झाडून सगळ्या नातलगांना पाठवलं. अर्ध्या तासात जावेचा फोन.

"जाऊबाई, लई गोड बोलल्या. दोनदा ऐकलं."

"मग? येणार ना?"

"येऊ की. पर लगीन कुणाचं हाय?"

तपासणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात जे आले ते सगळे पत्रक वाचून आले होते. म्हणजे ज्यांचे डोळे धड होते ते. चष्म्याचा नंबर काढून घेऊन, सुनेचे आभार मानून, पत्रकाच्या भाषेचं कौतुक करून ते गेले. जाऊ आली नाही. तिची भाकर व्हायची होती म्हणे.

परत येताना गाडीत सून एवढंच म्हणाली, "उन्हाळ्याच्या आत अजून एक तपासणी घेते. मग मात्र काकूंचं अवघड होईल." तिचा हा स्वभाव मला फार आवडतो. मी तिच्या जागी असते तर सासूला कन्नडच्या स्टँडवर उतरवून दिलं असतं.

मी ठरवलं, पत्रक बस झालं, आपणच जाऊन राहू. पिशोरच्या घरात वाटणीनं आमच्या वाट्याला दोन खोल्या आल्या होत्या, जावेच्या घराला लागूनच. वर्षानुवर्षं कुलूपबंद. एका खोलीत आमची चूल, तिच्यात मांजरं व्यायची. जेवणखाण जावेकडे ठेवून मी तिथं मुक्काम ठोकला.

आणि मग मला कळलं की माझी जाऊ काय चीज आहे! तिला जवळजवळ दिसत नव्हतं आणि गावाला ते माहीतच नव्हतं. दारात कुणी आलं की ती आधी बोलायची नाही. समोरचा बोलला की आवाजावरून नातं लावून "या, या" म्हणायची. पावलांवरून तिला माणूस कळायचा, चपलेच्या आवाजावरून त्याचा मूडही. तांदूळ निवडायला घेतले की शेजारच्या पोरीला म्हणायची, "बघू, तुझे डोळे माझ्यापेक्षा तेज हायेत का ते," आणि पोरगी पैजेपोटी सगळे खडे काढून द्यायची. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पण समोरच्याला न कळता त्याच्याकडून काम करून घेणारं इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नाही.

माझ्या अंगात खोडसाळपणा आहे, तो वयानं गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडी उलटी नेसले आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "कशी दिसतेय गं?"

तिनं पदर हातात घेतला, काठावरून बोटं फिरवली. "ब्येस! कुठून घेतली?"

"पैठणहून."

"तरीच! पैठणचा रंग लपतो व्हय कुठं?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. सापडली! पण पदर सोडताना तिची बोटं मला दिसली आणि माझी मस्करी तिथंच संपली. बोटांची टोकं भाजून भाजून काळी झाली होती. तव्यावरची भाकरी कुठे आहे ते ती हातानं चाचपून बघत होती.

त्या संध्याकाळी ती चुलीपुढं आणि मी पाटावर. मी सरळच विचारलं. "बोटं दाखव. आता खोटं बोलू नकोस. का येत नाहीस तपासणीला? भीती वाटते?"

"भीती कशाची?" ती भाकरी थापत राहिली. "आमच्या माहेरच्या एकीचं झालं आप्रेशन. चुलीपुढं जायचं नाय, धूर घ्यायचा नाय, वाकायचं नाय, डोक्यावरून पाणी नाय. किती तरी दिवस. मग ह्या माणसाला भाकर कोण घालील? पोरं तिकडं वाळूजला कंपनीत, सुना त्यांच्यासंगं."

"गॅस आहे की."

"गॅसवर बी वाकावंच लागतं. आन् त्यांना गॅसवरची भाकर जात नाय."

"शेजारीण देईल दोन भाकरी."

इथं मात्र तिचा हात थांबला. "जाऊबाई, घरातली चूल दोनदाच इझती. मयत झाल्यावर, न्हाय तर जेवणाचं आवतन आल्यावर. मी जित्ती असताना माझ्या घरात लोकांच्या घरची भाकर? काय म्हणतील, हिचं काय झालं? त्यापरास माझं दिसतंय तेवढं बरं हाय."

माझ्या सप्तरंगी पत्रकात या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं. मी प्रकाशाचा उंबरठा दाखवत होते आणि ही बाई विचारत होती, भाकरी कोण करणार.

पण तिच्या तोंडून 'आवतन' हा शब्द निघाला आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

मी लग्न होऊन आले तेव्हा नुकतीच मराठीची एम.ए. झाले होते. त्या काळातली मी आठवली की मला तिच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटतात, पण इतकी गोड गाढव होती की हात उचलत नाही. केसात गजरा, तोंडात अलंकार. गावात कुणाशी बोलताना वाक्य संपलं की ती टाळ्यांसाठी थांबायची. माझ्या मुलाचं जावळ काढायचं होतं. तोच मुलगा आता डॉक्टरीणबाईंचा नवरा आहे आणि त्याच्या डोक्यावर जावळाएवढेही केस उरलेले नाहीत. गावाला जेवण होतं, वरण-बट्टीचं. आत्याबाईंचा पाय मुरगळलेला, म्हणून आवतन द्यायला, म्हणजे घरोघर जेवणाचं बोलावणं करायला, त्यांनी मला पाठवलं.

आता आमच्याकडे आवतन दोन तऱ्हेचं. नुसतं सांगितलं तर घरटी एक माणूस येतो, बाकीच्यांचं जेवण घरीच. पण 'चूलबंद' म्हटलं की त्या घरानं त्या वेळी चूलच पेटवायची नाही. म्हातारीपासून रांगत्या लेकरापर्यंत सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. आणि चूलबंद आवतनाला कुणी नाही म्हणत नाही. म्हटलं तर ते भांडण धरतात.

आत्याबाईंनी मला बजावलं होतं, "पोरी, कुणाच्या घरचं, कशाचं, आन् चूलबंद. एवढंच सांग. बाकी काय नगं."

एवढंच? मला तर तो 'चूलबंद' शब्दच कसा ओबडधोबड वाटला! मी तो गाळला. दारोदार उभी राहून मी म्हणत सुटले, "आमच्या चिमुकल्याच्या मंगल सोहळ्यास आपल्या पदस्पर्शाने आमचे अंगण पुनीत करावे." बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. मला वाटलं, भारावल्या.

संध्याकाळी अंगणात घरटी एकेक बाप्या येऊन बसला. बायका नाहीत, लेकरं नाहीत. मागे बट्ट्यांचा डोंगर आणि वरणाची पातेली वाफाळतायत. आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. "काय म्हनलीस लोकांना?"

मी सगळं म्हणून दाखवलं. आवाजाच्या चढउतारासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बोललीस लई चांगलं. बोलावलं मातर नाय."

मग काठी घेऊन, लंगडत, मला मागे घेऊन त्या निघाल्या. त्या दिवशी जे मी ऐकलं ते कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत. दुभत्या जनावरांचं घर आलं की त्या म्हणायच्या, "धारा काढून या, तवर पंगत थांबवते. चूलबंद." एका घरात दोघा भावांचं पटत नव्हतं, दार एक पण चुली दोन. तिथं त्यांनी दाराच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "दोन्ही चुली बंद बरं का!" मी आधी त्या घरी "आपल्या पदस्पर्शाने" म्हणून आले होते, त्या 'आपल्या'मध्ये आपली चूल धरली नाही म्हणून धाकट्याची बायको रुसून बसली होती. दात नसलेल्या म्हातारीला म्हणाल्या, "तुमची बट्टी दुधात भिजत घातलीय." आणि एक विधवा बाई होती, असल्या कार्याला पुढे यायला कचरणारी. तिला त्यांनी आवतन दिलंच नाही. नुसतं म्हणाल्या, "वरणाला फोडणी द्यायची राह्यलीय. तुमच्या हाताबिगर चव यायची नाय. चला लवकर." ती बाई पदर खोचून आमच्या आधी घरी पोचली.

प्रत्येक घरी वाक्य वेगळं, आणि एकाही वाक्यात आत्याबाई स्वतः नव्हत्या. मी मात्र माझ्या प्रत्येक शब्दात गजरा माळून उभी होते. आम्ही परत आलो तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एक बट्टी उरली नाही. माझ्याही वाट्याला नाही, आणि ते बरंच झालं.

तर जावेच्या चुलीपुढं बसून हे सगळं मला आठवलं. सकाळी उठून मी माझ्या खोलीतली चूल झाडली, मांजरीची समजूत घातली, चूल सारवून घेतली. अंघोळ करून, कुंकवाचा करंडा हातात घेऊन, शेजारच्याच घरी परक्यासारखी जावेच्या दारात उभी राहिले.

"कोण हाय?" तिनं आतून विचारलं. माझी पावलं तिला ओळखता आली नाहीत. मी इतकी नीट कधी चालत नाही.

"थोरल्या घरातून आलेय," मी म्हणाले. "आवतन द्यायला. डोळ्याचं आप्रेशन करून घ्यायचं. शहरातून परत आल्या दिवसापासून, डॉक्टर 'चुलीपुढं जा' म्हणेपर्यंत तुमच्या घराला आमचं चूलबंद. दोघांनी दोन्ही वेळा जेवायला यायचं."

ती भिंतीला हात लावत बाहेर आली.

"असलं आवतन असतं व्हय कुठं?"

"आजपासून आहे."

"आत्याबाई असत्या तर..."

"असत्या तर माझ्याआधी त्यांनीच दिलं असतं."

ती उंबऱ्यावर बसली. "म्हंजी आता नाय म्हणता येत नाय."

"येतं की. पण मग आपलं भांडण. बोलणं बंद."

"बट्ट्या कोण करणार?"

"मी."

"मग डोळा येऊन काय उपेग? उपाशीच मरते मी." असं म्हणाली, आणि कुंकू लावून घ्यायला कपाळ पुढे केलं.

त्या दिवशी मी गावभर फिरले. जिथं मोतीबिंदू तिथं चूलबंद. पण आत्याबाईंची शिकवण धरून, आधी त्या घरची अडचण विचारायची, मग तोंड उघडायचं. एकीची म्हैस होती. तिच्या शेजारणीला धारेचं पक्कं करून मगच मी तिच्या दारात गेले. एकीचा नवरा "विचार करू" म्हणाला. मी त्याला विचारलं, "विचार हिच्या डोळ्याचा करताय का तुमच्या जेवणाचा? जेवणाचं झालंय." तो हसला. त्याचा विचार तेवढाच होता.

आत्याबाई कधी गेल्या नव्हत्या तिथंही मी गेले. त्यांच्या एवढ्या मोठ्या कलेला एक वेस होती. बौद्ध वस्तीच्या अलीकडे त्यांची काठी वळायची, आणि मागून चालणाऱ्या एम.ए. सुनेला त्यात काही खटकायचंही नाही. तिथं एक निवृत्त अंगणवाडीताई राहतात. त्यांच्या स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच झालेलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या घरचं चूलबंद या दारात पहिल्यांदा आलं," त्या म्हणाल्या. "लई उशीर केला."

"केला," मी म्हणाले.

"आमच्यातल्या दोघी हायेत, मी घेऊन येते. पर एक अट हाय. एक दिवस आवतन माझं. तुमच्या जावंनं माझ्या घरी जेवायचं."

"चूलबंद?"

"चूलबंदच. तुमी बी."

दुसऱ्या तपासणीला शाळेचा व्हरांडा भरला. काठ्या टेकत, नातवंडांचे हात धरत, कुंकू लावलेल्या बायका ओळीनं बसल्या होत्या, आणि पहिल्या जागी माझी जाऊ. सून माझ्याकडे बघत राहिली. "आई, नवीन पत्रक छापलंत?"

"नाही गं. चूल पेटवली."

ऑपरेशनं शहरात नीट झाली. सगळ्या काळे चष्मे लावून परत आल्या आणि माझ्या दोन खोल्यांत पंगती बसायला लागल्या. स्वयंपाकाला गावातल्या लेकीसुना पाळीनं यायच्या. माझ्या बट्ट्या पहिल्याच दिवशी सर्वानुमते बंद करण्यात आल्या. अंगणवाडीताईंच्या घरी जेवून आल्यावर तर जाऊ मला म्हणाली, "त्यांच्या वरणापुढं तुमचं वरण म्हंजी औषध."

पण त्या दिवसांत मला खरं कौतुक वाटलं ते सुनेचं. डोळ्यात थेंब कधी घालायचे हे सांगताना तिनं घड्याळाचं नाव काढलं नाही. म्हणाली, "काकू, एक सकाळच्या धारेला, एक शाळेची घंटा झाली की, एक सांजच्या दिव्याला, एक अंथरुणात." एवढंच. एकीचाही थेंब चुकला नाही. मी तिला विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, "तुमच्या जावळाच्या गोष्टीतून. तुम्ही ती दर दिवाळीला सांगता." मला वाटायचं, ती ऐकत नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी जावेला चुलीपुढं जायची परवानगी दिली. निघायच्या दिवशी मी सामान बांधत होते. माझ्या खोलीत उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. त्यावर बट्ट्या निवत ठेवायच्या कामी तो आला होता. जावेनं त्यातलं एक उचललं, उजेडाला धरलं आणि बोट न लावता, सलग, बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं.

"येतंय की वाचायला!" मी म्हणाले.

"वाचायला येतंय," ती म्हणाली. "समजत मातर आजून नाय."

मी हसता हसता बॅग उचलली. ती जीपपर्यंत पोचवायला आली, हात न धरता, आपल्या पायांनी. मी जीपमध्ये बसले तसा तिनं माझा पदर हातात घेतला, नीट बघितला आणि मान हलवली.

"आज सुलटी नेसलात."

"म्हणजे? तुला दिसलं होतं त्या दिवशी?"

"दिसलं कुठं? काठाचे दोरे हाताला लागले की."

"मग बोलली का नाहीस?"

"थोरली जाऊ शहरातून आलेली, एवढी नटून पुढ्यात उभी," ती म्हणाली, "तिला साडी उलटी हाय म्हणून कसं सांगायचं? म्हनलं, कुठून घेतली ते तरी इच्यारावं."